डोंगरात कॉटेज, कॉटेजात कुकर

इंग्लंडमध्ये दहा वर्षं काढून तिथल्या डोंगर-तळ्यांच्या लेक डिस्ट्रिक्टला एकदाही भाड्यानं कॉटेज न घेतलेलं मराठी कुटुंब म्हणजे पुण्यात राहून सिंहगडावर पिठलं-भाकरी न खाल्लेला माणूस. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात नोंद होते. तेव्हा जायचंच आहे, तर नीट तयारीनं जा.

सुरुवात व्हॉट्सॅप ग्रुपपासून. दोन कुटुंबं पुरेत, शिवाय भारतातून आलेले कुणाचे तरी आजी-आजोबा हवेतच. ग्रुपचं नाव ‘लेक वाचवा’ ठेवा, आमचं तेच होतं. मेमधल्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीसाठी जानेवारीतच लिंका टाकायला लागा. प्रत्येक लिंकखाली कुणीतरी ‘मस्तच, पण...’ असं लिहील. या ‘पण’वर मार्चअखेरपर्यंत चर्चा करा. तोवर बरी कॉटेजं गेलेली असतात, आणि उरलेल्यांच्या भाड्यात गुहागरला महिनाभर कसं राहता येतं याचा हिशेब आजोबा वहीत मांडून दाखवतात. पाउंडाचा भाव त्यांच्यापासून लपवायला हवा होता.

जाहिरातीची भाषा शिकून घ्या. ‘आठ जणांची सोय’ यात बंक बेड आणि हॉलमधला सोफा धरलेला असतो. बंकवर आजींना चढवायचं की आजोबांना, हे निघण्यापूर्वी ठरवा. ‘मूळचे लाकडी बीम’ म्हणजे पहिल्याच संध्याकाळी जावयाच्या कपाळावर टेंगूळ. ‘फेल व्ह्यू’ या शब्दाला घाबरू नका. तिकडे डोंगराला फेल म्हणतात. तो दिसेलच असं मात्र नाही. याच भागातल्या सीथवेट गावात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईत त्याहून बराच कमी पडतो, आणि तो निदान चार महिन्यांत उरकतो.

मुलांना सगळीकडे ‘लेक विंडरमियर’ म्हणू द्या. ‘मियर’ म्हणजेच तळं, तेव्हा ते गाईचं गोमूत्र झालं. नावातच लेक असलेलं इथलं एकमेव मोठं तळं बॅसनथवेट, हे मी गाडीत तीनदा सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. वर्ड्‌सवर्थचंही कुणी ऐकलं नव्हतं. या कवीनं आधी या प्रदेशाचं गाईड लिहिलं आणि मग १८४४ मध्ये इथे रेल्वे नको म्हणून पत्रं लिहिली. १८४७ मध्ये विंडरमियरला गाडी पोचली.

रस्ता निवडताना बुद्धी वापरू नका, जीपीएसचं ऐका. तो तुम्हाला हार्डनॉट पासवर नेईल. एका गाडीचा रस्ता आणि काही ठिकाणी तीनास एक चढ, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. “आम्ही वरंध घाट काढलेली माणसं आहोत,” हे वाक्य पहिल्या वळणापर्यंत म्हणता येतं. पुढे गाडीत फक्त रामरक्षा. वर रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत, ते डोळे उघडे असतील तर दिसतात.

इंग्लंडचं सर्वात उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर, आपली कळसूबाई १६४६. म्हणजे हा किरकोळच, असं समजून सँडल घालून निघा. पायथ्याच्या वास्डेल हेडला सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीवरून होते, हे विसाव्या मिनिटाला गुडघे सांगतातच. तिथून परत फिरा आणि ‘मुलं दमली होती’ असं ग्रुपवर टाका.

खरी तयारी स्वयंपाकाची. कॉटेजात वाइनचे चार आकारांचे ग्लास असतात, पोळपाट नसतो. तेव्हा कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, थालीपिठाची भाजणी. डिकीत जागा कमी पडली तर रेनकोट काढा, कुकर नाही.

पहिल्या रात्री वरणाला फोडणी द्याल. मोहरी तडतडली, लसूण पडला, लाल मिरचीचा खाट उठला, की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळतो. एकीनं कढल्याचं बघायचं, दुसऱ्यानं खुर्चीवर उभं राहून टॉवेल फिरवायचा (बीम सांभाळून), तिसऱ्यानं मागचं दार उघडायचं. आम्ही उघडलं तेव्हा भिंतीपलीकडे पांढऱ्या तोंडाची हर्डविक मेंढी पावसात उभी होती. रवंथ थांबवून तिनं आमच्याकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “बिचारी भिजतेय,” आणि तिला पोळी द्यायला निघाल्या.

शेवटच्या दिवशी दहाला कॉटेज सोडायचं असतं, म्हणून सातपासून भांडा. गेस्टबुकात काहीतरी लिहायची रीत आहे. ‘अप्रतिम व्ह्यू’ लिहायला मी पेन उघडलं आणि आधीची पानं चाळली. दोन पानं मागे, इंग्रजी कौतुकाच्या गर्दीत, निळ्या शाईत कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘डावीकडच्या मागच्या शेगडीवर फोडणी द्यावी. अलार्म होत नाही.’

खाली नाव नव्हतं, फक्त ‘नाशिक’.