कॅस्पियन आटतोय, म्हणून हवामान बदल खोटा?

‘जगभर समुद्र वर चढतोय म्हणता, मग कॅस्पियन कसा आटतोय?’ असा एक मेसेज फिरतोय आणि त्यावरून हवामान बदल थोतांड ठरवला जातोय. माहिती खरी, निष्कर्ष चूक.

कॅस्पियन नावालाच समुद्र. चहूबाजूंनी जमीन, महासागराशी संबंध नाही. पातळी महासागरापेक्षा सुमारे २९ मीटर खाली. हिमनद्या वितळून महासागरात आलेलं पाणी तिथे पोचतच नाही. त्याचा जमाखर्च वेगळा. जमेला पाऊस आणि नद्या, त्यातही नद्यांचं सुमारे ८० टक्के पाणी रशियातल्या एकट्या व्होल्गा नदीचं. खर्चाला बाष्पीभवन. तापमान वाढलं की खर्च वाढतो, इतकं साधं आहे.

‘पातळी पूर्वीही खालीवर व्हायची’ असंही काहीजण म्हणतात, ते मात्र बरोबर. १९७७पर्यंत ती उतरली, मग १९९५पर्यंत जवळपास अडीच मीटर चढली. गंमत म्हणजे पाणी वाचवायला १९८०मध्ये कारा-बोगाझ-गोल या आखाताच्या (कॅस्पियनचं पाणी तिथे जाऊन वाफ होतं) तोंडावर बांध घातला, तेव्हा समुद्र आधीच चढू लागला होता! १९९२मध्ये तो बांध फोडावा लागला.

उत्तरेकडचा भाग सरासरी जेमतेम ५ मीटर खोल. पाणी थोडं उतरलं तरी किनारा कित्येक किलोमीटर मागे सरकतो. तिथल्याच हिवाळी बर्फावर कॅस्पियन सील पिल्लांना जन्म देते.

आणि ‘कॅस्पियनची कोणालाच पडलेली नाही’ असंही म्हटलं जातं, तेही खरं नाही. रशिया, कझाकस्तान, अझरबैजान, इराण आणि तुर्कमेनिस्तान या किनाऱ्यावरच्या पाचही देशांचा, कॅस्पियनचं पर्यावरण जपण्यासाठीचा तेहरान करार २००६पासून लागू आहे. तो पुरेसा आहे, असं मी म्हणणार नाही.