प्रश्न खड्ड्याच्या खोलीचा आहे

सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: भौतिकशास्त्रज्ञ लेनर्ड मँडेल यांच्या 1987 च्या प्रयोगाला (दोन सारखे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, बीमस्प्लिटर या अर्धपारदर्शक आरशावर एकाच वेळी आले की दोघे एकाच बाजूने बाहेर पडतात) लेखात उगाच डोक्यावर घेतलंय, कारण मंद केलेल्या दोन लेसर-झोतांनीही तुम्हाला कोइन्सिडन्समध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचे डिटेक्टर एकाच वेळी क्लिक होण्यात, 46 टक्क्यांचा खड्डा (घट) मिळाला.

खड्डा मिळणारच. दोन सारख्या अभिजात (फोटॉन न मानता वर्णन करता येणाऱ्या) लहरींमधली फेज, म्हणजे एक दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते, स्वैर बदलत असेल, तरी बीमस्प्लिटरनंतरचे कोइन्सिडन्स घटतात, पण फार तर 50 टक्क्यांनी. तुमचे 46 त्या मर्यादेच्या आतच आहेत. रॉचेस्टरला हाँग, ऊ आणि मँडेल यांनी 351.1 नॅनोमीटरचा लेसर केडीपी स्फटिकात (यात एका फोटॉनचे दोन होतात) सोडून फोटॉनच्या जोड्या मिळवल्या, तेव्हा मोजणी जवळजवळ तळाला गेली.

लेसर कितीही मंद केला तरी त्यातून सुटे फोटॉन मिळत नाहीत. एकाच झोताचे दोन भाग करून मोजा: झोत दहापट मंद केला की प्रत्येक डिटेक्टरची मोजणी दहापट घटते आणि कोइन्सिडन्स शंभरपट. प्रत्यक्ष कोइन्सिडन्स आणि निव्वळ योगायोगाने अपेक्षित कोइन्सिडन्स यांचं गुणोत्तर 1 चं 1 च. ते 1 च्या खाली जातं हे किंबल, डॅगेनाईस आणि मँडेल यांनी 1977 मध्ये सोडियम अणूंच्या प्रतिदीप्तीत (उत्तेजित अणूंनी सोडलेल्या प्रकाशात) दाखवलं. एक फोटॉन सोडलेला अणू पुन्हा उत्तेजित झाल्याशिवाय दुसरा सोडू शकत नाही. माझ्या मते मँडेल यांचं जास्त पक्कं काम ते. 1987 चं जास्त कामाला आलं, कारण क्वांटम टेलिपोर्टेशनमधलं (एका कणाची अवस्था दुसऱ्या कणावर पोचवण्यातलं) बेल-मापन, म्हणजे दोन फोटॉनांचं एकत्रित मापन, आणि फोटॉनांची क्वांटम गेट्स त्याच खड्ड्यावर उभी आहेत.

आता फोटॉनच्या जोड्या देणारा बीबीओ स्फटिक लावणार म्हणताय, तर थोडं त्याबद्दल. 405 नॅनोमीटरचा लेसर, 810 वर 10 नॅनोमीटरचा फिल्टर, म्हणजे कोहेरन्स लांबी (मार्गांत जेवढा फरक असेपर्यंत व्यतिकरण दिसतं ती) जेमतेम 65 मायक्रोमीटर. दोन मार्गांत मिलिमीटरभर फरक राहिला तर खड्डा दिसणारच नाही. आधी 3 नॅनोमीटरचा फिल्टर लावून शोधा: मोजणी पडेल, पण लांबी 220 च्या आसपास जाईल. सापडला की मूळ फिल्टर लावून 5 मायक्रोमीटरच्या पावलांनी मोजा. बीमस्प्लिटर 50:50 ऐवजी 60:40 निघाला तर बाकी सगळं अचूक असूनही 92 टक्क्यांच्या खड्ड्यावर अडकाल. ध्रुवीकरण जुळलं नाही तर आणखी खाली.

योगायोगाने जुळणारे क्लिक वजा करायला विसरू नका. दोन्हीकडे सेकंदाला 1,00,000 क्लिक आणि 5 नॅनोसेकंदांची खिडकी (जेवढ्या वेळातले दोन क्लिक एकत्र धरले जातात) असेल, तर सेकंदाला असे 50 निघतात. (लेसरच्या प्रयोगात मात्र ही वजाबाकी करायची नाही, तिथे सगळेच कोइन्सिडन्स योगायोगाचे!)

तुमच्या आलेखात एकेका डिटेक्टरची सुटी मोजणी दिसत नाही. तीही त्याच जागी खाली जात असेल, तर तो खड्डा व्यतिकरणाचा नसून मार्गाची लांबी बदलणारी स्टेज (सरकता आधार) सरकताना फायबरचं अलाइनमेंट बिघडल्याचा आहे. ती जोडून पाठवा.