गावभाग सोडायचा की वर मजला चढवायचा?

आज दुपारी भावजी एका एजंटला घेऊन आमच्या सांगलीच्या गावभागातल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, घरी आले. सांगलीतच विश्रामबागेत फ्लॅट बघून ठेवलाय म्हणे. तो एजंट खुर्चीत टेकायच्या आधीच भिंतीवरची ओल बघून म्हणाला, "मॅडम, गावभागात आता कोण पैसा घालतं? डबकं आहे हे." माझ्याच घरात बसून! चहा दिला मी त्याला, पण कपबशी हातात वाजत होती.

डबकं? अख्खं आयुष्य गेलंय या गल्लीत आमच्या सासूबाईंचं. मी लग्न होऊन आले आणि लगेच 2005 चा पूर आला. मुंबईचा 26 जुलै सगळ्यांना आठवतो, त्याच सुमाराला आमची सांगली बुडाली होती ते कुणी काढत नाही. मला सहावा महिना होता. रात्री पाणी उंबऱ्याला लागलं. आमचं घर बैठं, जायचं कुठं? समोरच्या काकूंचा जिना बाहेरून, थेट गल्लीतून वर जाणारा. त्यांनी पायरीवर कंदील ठेवला आणि दार उघडं टाकलं. दोन खोल्यांत आम्ही 14 माणसं. "पोटुशी बाई खाली झोपायची नाही," म्हणून मला स्वतःची कॉट दिली आणि त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या.

त्यामुळे मला फ्लॅटचा हिशोब कुणी शिकवू नये. एक हजार फूट म्हणून सांगतात, कार्पेट मोजलं की सातशे भरतं. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा, मुद्रांक शुल्क आहे, नोंदणीचा एक टक्का आहे, पुढं दर महिन्याचा मेंटेनन्स. बाईच्या नावावर घेतलं की शुल्कात एक टक्का सवलत, हे मात्र एजंट तीनदा म्हणाला. माझ्या नावाची आठवण बरी झाली सगळ्यांना!

वर मजला चढवणंही सोपं नाही, मान्य. इंजिनिअर गेल्या आठवड्यात बघून गेले. जुन्या विटांच्या भिंती, जोडणी मातीची. त्यांच्यावर स्लॅब टाकायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पायापासून कॉलम उभे करायचे आणि वरचा सगळा भार कॉलमवर घ्यायचा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जायचं. त्याआधी महापालिकेत जाऊन आपलं घर पुराच्या निळ्या रेषेत येतं का लाल रेषेत, ते विचारायचं. निळ्या रेषेत निघालं तर परवानगीवरच अडेल, हे मलाही कळतं.

आणि हो, सासूबाईंचे गुडघे. तेही खरंय.

पण 2019 ला काय झालं ते भावजी विसरले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. त्या ऑगस्टमध्ये आम्ही तासातासाला फोन करत होतो, कोयना धरणातून किती सोडलंय, आयर्विनला किती झालं? पाणी 57 फुटांवर गेलं. तोवर काकू देवाघरी गेलेल्या, समोर कुलूप. आम्ही आधीच विश्रामबागेत नातेवाईकांकडं गेलो म्हणून वाचलो. शेजारच्या आजोबांना मात्र छातीभर पाण्यातून पाठुंगळी घेऊन बाहेर काढावं लागलं. चढायला आमच्या टोकाला एक जिना उघडा नव्हता. परत आलो तेव्हा चिखलापेक्षा कुजलेल्या गव्हाचा वास जास्त होता. महिनाभर गेला नाही तो.

कुणी म्हणेल, पुरात वर बसून राहणं हा शहाणपणा नाही. वीज नाही, प्यायला पाणी नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावाची नाव उलटली ती गावात अडकलेल्या माणसांना बाहेर आणतानाच, तेही मी विसरलेले नाही. सांगतील तेव्हा घर सोडायचंच, त्यात हट्ट नाही. पण रात्रीत पाणी उंबऱ्याला लागलं तर नाव येईपर्यंत माणसानं उभं कुठं राहायचं?

मघाशी फार चिडून लिहिलं. भावजींच्या मनात वाईट काही नाही. 2019 ला आमच्या घरातला चिखल त्यांनीच उपसला, आठ दिवस. त्यांना आमची काळजी वाटते, ती रास्त आहे. ते एकटे आले असते तर आम्ही नीट बोललोही असतो.

संध्याकाळी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या बराच वेळ समोरच्या कुलपाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझं काय गं, मी खालीच राहीन. पण तिची कॉट आठवते का तुला?"

रविवारी इंजिनिअर पुन्हा येणार आहेत, खड्डा घेऊन पाया बघायला. त्यांच्या नकाशात जिना घरातून काढलाय, जागा वाचते म्हणून. तो मी बदलायला सांगणार आहे. जिना बाहेरून हवा, गल्लीतून थेट वर.