‘.४५ची एकच गोळी पुरे’ हे खरं नाही

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरतो: ‘.४५ची गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, ९ एमएम नुसतं भोक पाडते. म्हणून मोठंच काडतूस घ्या, तेही साधं. हॉलो पॉइंट क्रूर, युद्धात त्यावर बंदी आहे.’ (.४५ आणि ९ एमएम ही गोळीच्या व्यासावरून पडलेली नावं, पहिलं इंचांत, दुसरं मिलिमीटरमध्ये; हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी.) यावर विसंबून कुणी काडतूस निवडू नये.

आधी ‘फेकला जातो’. .४५ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २६० मीटर. तिचा सगळा जोर ७५ किलोच्या माणसात उतरला, तरी तो सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर वेगाने सरकेल. ९ एमएमने सुमारे ४. गोळीत माणूस उडवण्याची ताकद असती, तर झाडणाराही उलटा पडला असता.

हल्लेखोर थांबतो तो मेंदूवर किंवा मज्जारज्जूवर घाव बसला तर, नाहीतर रक्त गेल्यावर. हृदय निकामी झालं तरी मेंदूत १०-१५ सेकंद पुरेल एवढा प्राणवायू उरतो. तेवढ्या वेळात तो बरंच काही करू शकतो. एका गोळीच्या भरवशावर राहणं म्हणूनच जिवाशी खेळ आहे.

‘९ एमएम कमकुवत’ या समजाला बळ मिळालं ते १९८६च्या मायामीतल्या चकमकीने. अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यानंतर चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात (तो शरीराच्या जागी वापरतात) गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे, असा निकष आला. एफबीआयने आधी १० एमएम, मग .४० हे काडतूस घेतलं. पण झटका जास्त, नेम बिघडायचा. पुढे ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या आणि २०१४मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ एमएमची बाजू घेतली: बहुतेकांचा नेम तिच्याने जास्त चांगला लागतो, गोळ्याही जलद झाडता येतात. चकमकीचा अर्धाच किस्सा सांगणारे हा भाग गाळतात.

राहिली बंदी. शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा १८९९चा हेग जाहीरनामा राष्ट्रांमधल्या युद्धापुरता आहे. नागरिकांना हॉलो पॉइंट चालतं की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. तो आधी पाहा. जिथे चालतं, तिथे मला तेच योग्य वाटतं. साधी, म्हणजे पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागू शकते. हॉलो पॉइंट शरीरात फुलते, वेग गमावते आणि बहुधा आतच थांबते. मात्र जाड कापडाने तिचं तोंड बुजलं तर ती फुलत नाही.

शिवाय तिच्या आकारामुळे काही पिस्तुलांत ती चेंबरमध्ये (काडतूस जिथून झाडलं जातं त्या कप्प्यात) जाताना अडकते. तेव्हा निवडलेलं काडतूस आपल्याच पिस्तुलातून, आपल्याच मॅगझिनमधून रेंजवर भरपूर झाडून पाहा. अडकत राहिलं तर दुसरं घ्या.