ब्रिजप्लेट शिसवाचीच हवी, हे कुणी ठरवलं?

गिटार दुरुस्त करणाऱ्यांत आणि हौशी वादकांत एक सल्ला बराच फिरतोय. थोडक्यात असा: ‘अकुस्टिक गिटारची ब्रिजप्लेट जितक्या कठीण लाकडाची, तितका आवाज भरीव. म्हणून मेपल नको, शिसव किंवा आबनूस लावा. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीनेसुद्धा मेपल सोडून शिसव घेतलं होतं. प्लेट मोठी आणि जाड ठेवली की टॉपला, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला, पोट येत नाही, ती फुगत नाही. आणि जुन्या प्लेटची भोकं झिजली असतील, तर ती काढून नवी बसवा.’ प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, त्यामुळे ते खपतं. पण या सल्ल्यावर विसंबून लोक चांगल्या गिटारी उघडायला लागलेत, तेव्हा एकेक मुद्दा पाहू.

ज्यांनी ही प्लेट कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी: साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या पुढच्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि बॅटरी आत घालून पाहा. ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) बरोबर खाली, टॉपच्या आतल्या बाजूला एक पातळ फळी चिकटवलेली दिसेल, साधारण अडीच मिलिमीटर जाडीची. तारांच्या टोकांचे धातूचे गोळे (बॉल एंड) तिच्यावरच खालून टेकतात. बाराच्या लाइट सेटमध्ये (सर्वांत पातळ तार ०.०१२ इंचाची) सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या पुढे जातो. टॉप असतो स्प्रूसचा, म्हणजे मऊ लाकडाचा. प्लेट नसेल तर बॉल स्प्रूस कुरतडत वर येतील. ते होऊ न देणं हे या फळीचं पहिलं काम. आवाजाचं नंतर बघू.

आता कठीणपणा. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत सिटका स्प्रूसचा आकडा ५००च्या आसपास, हार्ड मेपलचा १४५० आणि भारतीय शिसवाचा २४४०. शिसव जास्त कठीण, हे कबूल. पण स्प्रूसच्या जवळजवळ तिप्पट कठीण असलेलं मेपल या कामाला पुरतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर १९३०च्या दशकातल्या मार्टिन गिटारींनी दिलंय: त्यांच्या मेपलच्या छोट्या प्लेटांपैकी कितीतरी आजही मूळच्याच आहेत.

शिवाय शिसवासारखं कठीण लाकूड सहज चिरतं, हे त्या सल्ल्यात येत नाही. प्लेटचा रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, तिच्या लांबीला धरून असतो आणि तारा अडकवणाऱ्या पिनांची सहा भोकंही त्याच दिशेने ओळीत पडतात. म्हणजे चिरेला रस्ता आधीच आखून दिलेला. म्हणून जाणते कारागीर प्लेटचा रेषा थोडा तिरका ठेवतात, दोन भोकं एकाच तंतूवर येऊ नयेत म्हणून. मेपल ही भोकं बऱ्यापैकी निभावून नेतं. शिसवाची प्लेट पिनेपासून पिनेपर्यंत तडकते. आबनूस तर त्याहून ठिसूळ आणि जड, तो विचार सोडूनच द्या. वर शिसव तेलकट. ताजा रंधा मारून, असिटोनने पुसून लगेच चिकटवलं तर जोड धरतो. आळस केला तर कधीतरी सुटतो. मेपलवर सरस बिनतक्रार बसतो.

राहिला आवाज. शिसवाची फळी बोटांत धरून टिचकी मारली तर काचेसारखी वाजते, मेपलची थोडी बोदी. हे खरंच आहे, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. फळी टॉपला चिकटली की ती स्वतंत्रपणे वाजत नाही. ती टॉपला वजन आणि ताठरपणा देते. वजनाचा हिशोब सोपा आहे. १८ सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर जाड अशी प्लेट मेपलची असेल तर ११ ग्रॅमच्या आसपास भरते, शिसवाची असेल तर १३. फरक दोन ग्रॅमचा! प्लास्टिकच्या पिना काढून पितळी घातल्या तर याहून कितीतरी जास्त वजन वाढतं. पण रुंदी दुप्पट केली, तर मेपलमध्येही सरळ ११ ग्रॅम वाढतात, आणि तेही टॉप जिथे सर्वांत जास्त हलायला हवा तिथे. लाकडाच्या नावावरून वाद घालणारे मापाबद्दल गप्प असतात, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

मार्टिनचा दाखला याच मापापाशी येऊन फसतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने मेपल सोडून शिसव घेतलं, हे खरं. पण पाठोपाठ प्लेट मोठीही केली. लोक जाड तारा लावत, टॉप फुगत आणि गिटारी वॉरंटीत परत येत. त्या काळातले हे बदल मजबुतीसाठी होते असंच सहसा मानलं जातं. गोष्टीचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. १९७६मध्ये मार्टिनचं एचडी-२८ हे मॉडेल आलं, ते जुन्या पद्धतीच्या कोरलेल्या ब्रेसिंगसह (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांसह) आणि मेपलच्या छोट्या प्लेटसह. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इतर मॉडेलंही मेपलवर परतली. आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ज्या मार्टिन डी-२८साठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात, तिची पाठ आणि बाजू शिसवाच्या, पण ब्रिजप्लेट मेपलची. शिसव हाताशी असूनही त्या कारागिरांनी तिथे ते वापरलं नाही.

‘मोठी प्लेट म्हणजे पोट नाही’ हेही अर्धवट. स्टीलच्या तारांच्या गिटारला ब्रिजमागे थोडा फुगवटा असायचाच. बहुतेक टॉप मुळातच किंचित कमानदार बांधतात. फुगवटा खरोखर वाढला असेल तर आधी सुटलेला ब्रेस शोधा, प्लेटची कड उचकटली आहे का ते पाहा, गिटार पावसाळाभर कुठे ठेवली होती ते विचारा. कारण तसंच ठेवून वर जाड फळी चिकटवली, तर टॉप तिच्या कडेशी वाकतो आणि आवाज दबतो तो वेगळाच.

शेवटचा सल्ला सर्वांत महागात पडणारा. जुनी प्लेट उष्णता देऊन काढताना तिच्यासोबत स्प्रूसचे तंतू उपटून येतात, आणि ते काम साउंडहोलमधून, आरशात बघत करायचं असतं. झिजलेल्या भोकांसाठी हे धाडस बहुतेकदा लागतच नाही. झिजलेला भाग कोरून तिथे मेपलची छोटी चकती बसवता येते, किंवा जुन्या प्लेटवर मेपलचं पातळ अस्तर चिकटवता येतं. नंतर ब्रिजमध्ये तारेपुरत्या खाचा पाडून बिनखाचेच्या पिना घातल्या की बॉल प्लेटला नीट टेकतात आणि झीज मंदावते. प्लेट बदलायची ती आरपार चिरली असेल किंवा तिचे तुकडे पडले असतील तरच.

आपल्याकडे मेपल सहज मिळत नाही आणि सह्याद्रीतलं शिसव मिळतं, ही अडचण खरी आहे. नवी गिटार बांधताना शिसवच वापरायचं असेल तर खुशाल वापरा: छोटी प्लेट, रेषा तिरका, चिकटवण्याआधी ताजा रंधा. मात्र त्यासाठी गिऱ्हाइकाकडून ‘टोन अपग्रेड’चे जादा पैसे घेऊ नका.