थेंबभर पाणी टाक नं!

मराठी घरात मिक्सर अडला की इलाज एकच. चटणी फिरत नाही, पाणी टाक. वाटण पात्याखाली बसलं, पाणी टाक. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात नळ चौथ्या दिवशी येतो, ड्रमांची रांग माणसांच्या रांगेपेक्षा शिस्तीत उभी असते; पण मिक्सरच्या भांड्यात ओतायला थेंबभर पाणी प्रत्येकाच्या हाताशी तयार असतं. घरी पिस्त्याचं बटर, म्हणजे नुसता पिस्ता वाटून केलेला मऊ लगदा, करायला बसलं की खरी लढाई या दानशूरांशीच होते. व्होल्टेज, ऊन आणि पिस्त्याचा भाव ही संकटं त्यांच्यापुढे किरकोळ.

मोबाईलवरच्या व्हिडिओत दुबईचं चॉकलेट मोडतं, त्यातून पिस्त्याचा हिरवा लगदा ओघळतो, आणि पोरांना तो लगदा घरी हवा होतो. सामान फार नाही. पिस्ता, पिठीसाखर, चिमूटभर मीठ. यादी लहान असली की घरातल्यांना काम सोपं वाटतं. पापडाचीही यादी लहानच असते.

पहिली फसगत दुकानात होते. तालुक्याच्या किराणा दुकानात पिस्ता मिळतो तो भाजलेला, खारा आणि कवचासकट. बिनमिठाचा सोललेला दाणा हवा असेल तर नागपूरला इतवारीत जाणारं कोणीतरी गाठावं लागतं, आणि त्याला "पिस्ताच आण, पिस्ता बर्फी नाही" असं दोनदा सांगावं लागतं. कवच वजनाला जवळपास निम्मं भरतं. म्हणजे अर्धा किलो आणलात तर हाती अडीचशे ग्रॅम दाणा. त्यातून सोलणाऱ्यांच्या तोंडात जाईल तो वजा करा. पिस्ता सोलायला घरातली माणसं न बोलावता येऊन बसतात. तुरीच्या शेंगा सोलताना हीच माणसं दिसत नाहीत. हिशेबी सासरे असले तर एवढ्यात चार किलो फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, आले असते, हेही सोलता सोलता ऐकावं लागतं. मामाजी, आले असते. पण दुबईच्या चॉकलेटात ते घालत नाहीत.

तोंड उघडलेल्या पिस्त्याला इराणात 'हसरा पिस्ता' म्हणतात. जे हसत नाहीत ते अडकित्त्यात धरून फोडायचा मोह होतो. नको. आत बहुतेक वेळा नीट न भरलेला, सुरकुतलेला दाणा असतो, आणि कवचाची एखादी कपची वाटणात गेली तर ती पुढे कोणाच्या तरी दाढेखाली सापडते. दहा-बारा दाणे मधून तोडून चाखून पाहा. कट्कन तुटले पाहिजेत. खवट लागला तर माल जुना आहे. त्याचं बटर केल्यानं तो नवा होत नाही, खवटपणा सगळीकडे सारखा पसरतो एवढंच. बुरशीचा, काळा पडलेला दाणा तर बाजूलाही ठेवू नका, फेका. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

पिस्ता आपल्या मातीतला नाही, पण त्याचं कूळ ओळखीचं आहे. आंबा, काजू, चारोळी आणि बिबा, सगळे एकाच घरातले. मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलातली चारोळी आणि बिब्याची गोडंबी ही पिस्त्याची चुलत भावंडंच. या नात्याला व्यवहारी अर्थ आहे: ज्याला काजूची ॲलर्जी आहे त्याला बहुधा पिस्ताही बाधतो. तेव्हा पाहुण्याच्या पोळीवर प्रेमानं फासण्याआधी विचारा.

आता साल. दाण्यावरचं जांभळट साल ठेवलं तर बटर तपकिरी-हिरवं होतं, चवीला किंचित तुरट. काढायचं असेल तर दाणे उकळत्या पाण्यात 1 ते 2 मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात घाला आणि सुती कापडात चोळा. साल सुटतं, खारेपणाही बराचसा जातो. सगळ्या प्रकरणात पाण्याला परवानगी आहे ती एवढ्या एका जागी, आणि त्याची किंमत दोन दिवस मोजावी लागते, कारण दाणा पुन्हा खडखडीत वाळला पाहिजे. एप्रिलात गच्चीवर कुरडया आणि सांडगे पसरलेले असतात, त्यांच्या शेजारी याला जागा मिळते. फक्त वर जुनं सुती लुगडं झाका, नाहीतर हिरवा रंग उन्हात उडतो आणि सोलायची सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात साल काढायच्या भानगडीत पडू नये. मी तर म्हणते, पहिल्या खेपेला सालासकटच करा, आणि मीठ जाण्यासाठी दाणे कोरड्या कापडात नुसते चोळून घ्या. वरून मीठ मग अजिबात घालायचं नाही.

भाजणं थोडक्यात आटपतं. कच्चा दाणा जाड कढईत मंद आचेवर 7-8 मिनिटं, सराटा सतत फिरता ठेवून. आधीच भाजलेला असेल तर 3 मिनिटं, नुसता गरम होईपर्यंत. जास्त भाजला तर हिरवा रंग ऑलिव्हसारखा मळकट होतो. झाकण ठेवून शिजवलेल्या पालकाचं जे होतं तेच, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. दाणा कोमट असतानाच मिक्सरला लावायचा, गार झाला की तेल सुटायला वेळ लागतो.

भांडं मात्र आदल्या दिवशी तयार करा. चटणीचं छोटं भांडं घ्यायचं. अडीचशे ग्रॅमला तेच बरोबर. मोठ्या भांड्यात दाणा भिंतीला जाऊन चिकटतो आणि पाती हवा वाटत बसतात. ते धुऊन पुसून कोरडं दिसतं, पण झाकणाच्या रबराखाली पाणी लपून बसलेलं असतं. तिथेच कालच्या ठेच्याचा वासही राहतो, आणि पिस्त्यातलं तेल वास ओढून घेण्यात पटाईत. रबर काढून, पुसून, भांडं दोन तास उन्हात उपडं ठेवा. मग मूठभर कोरडे पोहे त्यात फिरवून फेकून द्या. उरलासुरला ओलावा आणि लसूण दोन्ही पोहे घेऊन जातात. हे टाळलं तर लवंगी मिरचीचं पिस्ता बटर होतं. ते वाईट लागत नाही, पण पोरांना हवं होतं ते हे नाही.

आणि आता मिक्सर. 750 वॉटचा असेल तर ठीक. 500 वॉटचा असेल तर एका वेळी दीडशे ग्रॅमच घाला. 1 मिनिट चालवायचा, 2 मिनिटं थांबवायचा, दर थांब्याला कडा खरवडून मधे आणायच्या. फिरणं एकूण 12 ते 15 मिनिटं, थांबे धरून पाऊण तास. शेंगदाण्याला याच्या निम्म्यात भागतं. पिस्त्यात तेल थोडं कमी आणि दाणा चिवट.

पहिल्या मिनिटात भरड, दुसऱ्यात पूड. इथवर सगळे खूश असतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पूड ओल्या वाळूसारखी होऊन भिंतीला थापली जाते आणि पाती मोकळी गरगरतात. पहिला सल्ला इथे येतो. सहाव्या-सातव्या मिनिटाला त्याचा एकच गच्च गोळा होतो, गोळा भांड्यात धपाधप आपटतो, मिक्सर कण्हायला लागतो, ओटा हलतो, आणि ओसरीवरून माणसं आत येतात.

"मिक्सर जयलं वाट्टे."

"कोनाच्या लग्नाची मेंदी भिजवून राहिली वो?"

"थेंबभर पाणी टाक नं! काऊन जिवाले त्रास करून घेतं?"

मेंदीचं म्हणणं खरं आहे. या घडीला ते हुबेहूब भिजवलेल्या मेंदीसारखं दिसतं. लग्नातल्या पिस्ता आइस्क्रीमचा पोपटी रंग ज्यांच्या डोळ्यात बसलाय त्यांना हा रंग फसवणूक वाटतो, पण पोपटी असतो तो बाटलीतला रंग. पाण्याचं म्हणणं मात्र चूक. 100 ग्रॅम पिस्त्यात सुमारे 45 ग्रॅम तेल असतं आणि पाणी जेमतेम 4 ग्रॅम. पाती दाण्याच्या पेशी फोडतात, तेल बाहेर येतं, आणि प्रत्येक कण तेलात न्हाऊन शेजारच्या कणावरून घसरू लागतो. बटर म्हणजे हेच, तेलात तरंगणारा चुरा. त्यात पाण्याचा थेंब पडला की कणांमधली साखर आणि प्रथिनं तेलाला सोडून पाण्याला धरतात, ओले कण एकमेकांना चिकटतात, आणि घसरणारी गोष्ट थिजते. अजून फिरवलं तर अजून घट्ट. अडीचशे ग्रॅमला चमचाभर पाणी पुरतं. घराच्या भिंतीला लावता येईल असा गिलावा तयार.

मध, गूळ, दूध, पाण्यात केलेला वेलचीचा अर्क, हे सगळे पाण्याचेच वेषांतर केलेले सोयरे. "गुळानं पौष्टिक होते" म्हणत खडा टाकणारी काकू पाणी टाकणारीइतकीच घातक, फक्त तिचा हेतू आयुर्वेदिक असतो. गोड हवं तर पिठीसाखर, 2 मोठे चमचे, तीही शेवटी.

गोळा झाला की करायचं काय? काही नाही. थांबायचं. भांडं उघडं ठेवून 5 मिनिटं निवू द्यायचं, गोळा सराट्याच्या टोकानं फोडून पसरायचा, आणि पुन्हा 30-30 सेकंद फिरवायचं. दहाव्या मिनिटाच्या आसपास कधीतरी आवाज बदलतो. धपधप जाऊन लपलप येते. गोळा चकाकतो, कडेनं ढिला पडतो आणि मग दोन मिनिटांत अख्खा बसतो. बाराव्या मिनिटापर्यंत आवाज बदललाच नाही तर तेल, 1 ते 2 चहाचे चमचे, आणि तेही बिनवासाचं सूर्यफुलाचं. घाण्याचं फल्लीतेल घातलं तर पिस्त्याच्या भावात शेंगदाण्याचा वास घेतल्यासारखं होतं.

रब्बीत गव्हा-हरभऱ्याला ओलित सुरू असलं की आमच्याकडे व्होल्टेज पडतं. अशा वेळी हे काम काढू नका. मिक्सरचा पंखा मोटारीच्याच दांड्यावर असतो. मोटार हळू फिरली की पंखाही हळू, गोळ्याचा भार मात्र तेवढाच, मग ती तापते. तापून बंद पडली तर लगेच तालुक्याला न्यायची घाई नको. मिक्सर उपडा करा, बुडाला एक छोटं बटण असतं. 15 मिनिटं निवू देऊन ते दाबा. निम्म्या वेळा "जयलेला", म्हणजे जळालेला, मिक्सर तिथेच जिवंत होतो. बटण दाबून मोटार फिरते पण पाती हलत नाहीत, तर भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटार आणि पाती जोडणारी चकती, गेला. गोळ्याच्या धक्क्यानं तो झिजतो आणि तुटतो. दोन कपलर घरात आणून ठेवलेले बरे. लाईनच गेली तर उलट चांगलं. भांडं झाकून ठेवा. सुटलेलं तेल कुठे जात नाही, आणि सल्ला देणारेही हवा खायला बाहेर जातात.

एवढं करूनही कोणीतरी पाणी टाकलंच तर? फेकू नका. थोड्या पाण्यानं थिजलेलं वाटण जास्त पातळ पदार्थानं पुन्हा सुटतं, तिळाच्या वाटणाचंही असंच असतं. बटर ते आता होणार नाही. दुधात कालवा, मिसळून मऊ होईल तसं आणखी दूध घाला, आणि आटवलेल्या लिटरभर दुधात सोडा. चांगली बासुंदी होते. गैरसोय एवढीच, की पाणी टाकणारा माणूस ती दोन वाट्या पितो आणि "पाहा, म्या म्हटलंच होतं" म्हणतो.

नीट झालेलं बटर काचेच्या, उन्हात वाळवलेल्या बरणीत भरायचं. पात्याखाली 20-25 ग्रॅम अडकून राहतं. ते धुवायला भांड्यात दूध घालून एकदा फिरवा आणि पिऊन टाका, तो करणारीचा हक्क. 45 अंशांच्या उन्हाळ्यात बरणी फळीवर ठेवली तर आठवड्यात तेल वर येतं आणि पुढे खवट व्हायला लागतं, म्हणून फ्रीजच. तिथे दोन-तीन महिने टिकतं, जरा घट्ट होतं, बाहेर 10 मिनिटं ठेवलं की पोळीवर पसरतं. ज्वारीच्या भाकरीवर मला ते पटत नाही, भाकरीला जवसाची चटणीच बरी. गार बरणी उघडी मात्र ठेवायची नाही, हवेतला ओलावा आत जमतो.

कैरीच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर आमच्याकडे तीन पिढ्या एकदम ओरडतात. पिस्त्याची बरणी शेजारच्याच कप्प्यात असते. तिच्यावर मोठ्या अक्षरात कोरडा चमचा वापरा असं लिहून चिकटवलं, तरी दुपारी कोणीतरी ती उघडतंच, आणि आपण ओरडायच्या आत हात वर करून सांगतं,

"उष्टा नाही वो, आत्ताच धुतला!"