ते आलं, तो आला

अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षी आयकराचा अर्ज भरायला बसले आणि त्याच्या माथ्यावर छापलेलं नाव दोनदा वाचलं. १०४०-एनआर हा तो अर्ज. त्याच्या नावातच ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असे शब्द आहेत. एलियन म्हणजे मी. इथल्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यातली व्याख्या साधी आहे : जी व्यक्ती या देशाची नागरिक किंवा ‘नॅशनल’ नाही, ती एलियन. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना ज्या खास वर्गातून प्रवेश मिळतो, तिथेही शब्द तोच, ‘असामान्य क्षमतेचा एलियन’. तोवर हा शब्द मला फक्त पुस्तकांतून माहीत होता. तो तीन डोळ्यांच्या, हिरव्या कातडीच्या मंडळींचा होता.

त्या संध्याकाळपासून परग्रहावरच्या प्राण्यांच्या विनोदी कादंबऱ्या मी निराळ्या नजरेने वाचू लागले. आणि आपल्याकडे विज्ञानकथेवरून जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तोही दुरून निराळा दिसू लागला.

तो वाद थोडक्यात असा. एक बाजू म्हणते, विज्ञानकथेतलं विज्ञान पक्कं हवं, ते काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, आधी माणसं जिवंत करा, मग विज्ञानाचं बघू. दोन्ही बाजूंनी चांगली, अभ्यासू माणसं बोलतात. पण विनोदी कादंबरीला या वादात कुणीच वाली नाही. पहिल्यांना ती विज्ञानाची थट्टा वाटते आणि दुसऱ्यांना पोरखेळ. परग्रहावरून आलेल्या प्राण्याला सर्दी झाली असं लिहिलं की ‘हे मुलांसाठी आहे का?’ हा प्रश्न ठरलेला.

पहिल्या बाजूचं ऋण मी मानते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हाताने लिहून घेतली होती. विज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोचावं या तळमळीतून त्यांनी पुढे जे लिहिलं, त्यावर आमच्या पिढीचं कुतूहल पोसलं गेलं. विज्ञान पक्कं हवं हा आग्रह नसता तर आपल्याकडे या प्रकाराला कुणी दारात उभं केलं नसतं. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तोवर किती काळ गेला होता हे आठवलं की त्या आग्रहामागची निकड कळते.

तरीही माझं म्हणणं आहे की या वादात एक प्रश्न विचारायचाच राहून गेला, आणि त्याचं मूळ आपल्या शब्दांत आहे. इंग्रजीत परदेशी माणूस आणि परग्रहावरचा प्राणी यांना एकच शब्द आहे. मराठीत नाही. आपल्याकडे परका वेगळा, उपरा वेगळा आणि परग्रहवासी वेगळा. शब्द वेगळे झाले की प्रश्नही वेगळे होतात. परग्रहवासी म्हटल्यावर आपण विचारतो, तिथे पाणी आहे का, तो श्वास कशाने घेतो, इतकं अंतर कापून आला कसा? परका म्हटल्यावर विचारतो, त्याला इथे कसं वाटतं, त्याच्याशी कुणी बोलतं का? परग्रहवाशाला हा दुसरा प्रश्न विचारायचं मराठीत सुचत नाही. विनोदी कादंबरीचं सगळं काम त्याच प्रश्नावर चालतं.

ही आजकालची टूम नव्हे. १७५२ मध्ये फ्रेंच लेखक व्होल्तेरची ‘मिक्रोमेगास’ ही गोष्ट प्रसिद्ध झाली. व्याधाच्या ताऱ्याकडून एक महाकाय प्राणी निघतो आणि वाटेत शनीवर थांबतो. शनीचा रहिवासी तक्रार करतो की आम्हाला इंद्रियं फक्त बहात्तर, फार कमी पडतात. पाहुणा म्हणतो, आमच्याकडे जवळजवळ हजार आहेत, तरी जीव कशासाठी तरी तळमळतच असतो. त्यानंतर ते दोघे पृथ्वीवर येतात, तिथली माणसं त्यांना भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि तीच माणसं आत्म्यावर तावातावाने बोलत असतात. हजार इंद्रियांचं ते वाक्य मला देश सोडल्यावर कळलं. इथून तिथे गेलं की पुरेल, असं वाटणाऱ्या प्रत्येकासाठी ते आहे.

विज्ञान कठोरपणे पाळलं की विनोद मरतो, हेही मला पटत नाही. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांचा इयॉन टिखी हा अंतराळप्रवासी घ्या. यानाचं सुकाणू बिघडलंय. दुरुस्तीला दोन माणसं लागतात, एकाने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने पान्याने नट आवळायचा. हा एकटा. यान अशा भोवऱ्यांत शिरतं की काळाच्या गाठी पडतात, आणि सोमवारचा टिखी मंगळवारच्या टिखीसमोर उभा राहतो. आता दोन माणसं झाली, काम व्हायला हरकत नाही. पण ते दोघे भांडत बसतात. काळाची कल्पना लेम एकदा गृहीत धरतात आणि पुढे तिच्याशी जराही लबाडी करत नाहीत, म्हणूनच हसू येतं. फ्रेड हॉईल हे तर नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यांच्या १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’ कादंबरीत आकाशातला प्रचंड, बुद्धिमान मेघ एका गोष्टीने चकित होतो : घन ग्रहाच्या पाठीवर बुद्धिमान जीव राहूच कसे शकतात? कादंबरी गंभीर आहे, पण तिच्यातल्या या एका आश्चर्यातून अख्खी विनोदी कादंबरी उगवू शकते.

या विनोदी कादंबऱ्यांतल्या सामान्य नायकाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ८ मार्च १९७८ ला बीबीसीच्या रेडिओ ४ वर डग्लस अॅडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिची कादंबरी आली. नायक आर्थर डेंट. त्याचं घर रस्त्यासाठी पाडायचं ठरलंय. नकाशे रीतसर जाहीर केले होते, असं अधिकारी सांगतो. ते होते तळघरात, वापरात नसलेल्या शौचालयात अडकवलेल्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात सगळी पृथ्वी अवकाशातल्या अशाच एका रस्त्यासाठी पाडली जाते, आणि तिचे नकाशे म्हणे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरीवर लावलेले होते. आर्थरकडे शस्त्र नाही, बुद्धीची चमक नाही, भविष्यवाणीत त्याचं नाव नाही. प्रत्येक ठिकाणी तिथले नियम त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत असतात, आणि तो विचारत राहतो. मी त्याला ओळखते. ज्या खिडकीपाशी ‘हे तर सगळ्यांना माहीत असतं’ असं ऐकावं लागतं, त्या खिडकीपाशी मी उभी राहिले आहे. घरी वडीलमाणसांनी कधी शिकवलंच नाही असं काहीतरी रोज चारचौघांत शिकायचं, यालाही धैर्य लागतं, आणि ते धैर्य मला दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात इतकं नीट लिहिलेलं सापडलेलं नाही.

इकडचं सगळं चांगलं असं मात्र नाही. कितीतरी इंग्रजी पुस्तकांत परग्रहवासी फक्त मोडकं बोलून हसवतो. माझ्या उच्चारावर एका बैठकीत सगळे हसले होते, ते हसू मी त्या पानांवर ओळखते आणि पुस्तक मिटते. चांगल्या विनोदी कादंबरीत नियम हास्यास्पद ठरतो, पाहुणा ठरत नाही. हा फरक करणारी समीक्षा इथेही विरळाच.

आणि मराठीइतकी तयार जमीन मला दुसरी दिसत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा जगातल्या कुठल्याही सामान्य नायकाच्या बरोबरीचा आहे. घाबरतो, फसतो, आणि गुंड्याभाऊला घेऊन पुन्हा निघतो. त्या जोडगोळीला यानात बसवायला विज्ञानाशी काडीमोड घ्यावा लागत नाही. शिवाय आपलं व्याकरणच या कामाला पुढे सरसावतं. इंग्रजीत ‘केम’ म्हटलं की भागतं. मराठीत परग्रहवासी दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच क्रियापद विचारतं : आला, आली की आलं? मग त्याला अरे म्हणायचं की अहो? एका वाक्यात घरातल्या सगळ्यांचं त्याच्याविषयीचं मत उघडं पडतं. ही सोय अॅडम्सकडे नव्हती.

हे मला माझ्या सात वर्षांच्या मुलीमुळे कळलं. तिला रोज रात्री मी मराठीत एक गोष्ट रचून सांगते. पहिल्या रात्री गोष्टीत एक प्राणी आला आणि मी अडले. तिनेच ठरवलं, “ते आलं.” तीन रात्री ते ‘ते’ होतं. चौथ्या रात्री त्याला अर्ज भरायचा होता. अर्जात नावासाठी दोन रकाने होते आणि त्याला नाव एकच. हा भाग मात्र मी रचलेला नाही. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसांच्या इथल्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना कचेरीत लोक कितीतरी दिवस त्याच नावाने हाक मारत होते. तर गोष्टीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, पहिलं नाव काय? प्राणी गप्प राहिला.

मुलगी उठून बसली. “आई, त्याला सांग ना, तो आमच्याकडचा आहे. मी सांगते त्याचं नाव.”

मग तिने नाव ठेवलं, आणि मी रकाना भरला.